मागच्या उजव्या नटास पिन मिळणेबाबत

विषय : चारचाकीच्या मागच्या आसावरील उजवा नट पूर्ण आवळून, त्यास कॉटर पिन लावून मिळणेबाबत.

संदर्भ : १) गाडीसोबत आलेले माहितीपुस्तक, जे पहिल्याच हिवाळ्यात तंबूतली शेगडी पेटवण्यासाठी वापरण्यात आले. २) अर्जदाराने वेळोवेळी केलेली करकर, जिची दखल घेतली गेली नाही.

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार मीच आहे. मी मोसेसीच्या चारचाकीच्या मागच्या उजव्या चाकाचा नट बोलतोय.

ही कचेरीची भाषा मला आवडते असं नाही. पण मी थरथरून पाहिलं, करकरून पाहिलं, एकदा तर नदीपासून गावापर्यंत किंचाळत आलो. त्यावर सगळ्यांचं एकमत झालं की थंडीनं रबर वाजत असेल. तेव्हा आता रीतसर अर्ज करतो. अर्ज कुणी वाचतं अशी माझी समजूत नाही. पण न वाचलेल्या अर्जाला निदान काही दर्जा असतो. न ऐकलेल्या करकरीला तोही नसतो.

मी साधा नट नाही, हे आधी नोंदवतो. साध्या नटाचं डोकं सपाट असतं. माझ्या डोक्यावर किल्ल्याच्या तटावर असतात तशा चर्या आहेत, आणि दोन चर्यांच्या मध्ये एकेक खाच. ही शोभा नाही. चाक आसावर बसतं, चाकावर मी बसतो, मला आवळतात. आसाच्या टोकाला एक आरपार भोक असतं. ते भोक माझ्या समोरासमोरच्या दोन खाचांशी जुळलं की त्यातून कॉटर पिन घालतात आणि तिची टोकं वाकवतात. मग गाडी दगडांवरून उडो की चिखलात रुतो, मला मागे फिरता येत नाही.

आता भोक आणि खाच पहिल्या फटक्यात जुळेलच असं नाही. बहुतेक वेळा नाहीच जुळत. अशा वेळी मला जुळेपर्यंत आणखी पुढे आवळायचं असतं. मागे फिरवायचं नसतं. केसभरही नाही. आमच्या कुळाचा हा एकच नियम आहे, आणि माझी सगळी कर्मकहाणी त्या एका नियमाची आहे. पुढे आवळायला अंगातला जोर लागतो. मागे फिरवायला काहीच लागत नाही. माणसांचा ओढा कुठे असेल हे सांगायला नको.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात, लालबुंद सळईच्या तुकड्यातून झाला. माझ्या पोटात आटे पाडले, डोक्यावर खाचा कापल्या आणि मला तेलात बुडवलं. बालपण म्हणतात ते एवढंच. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊ होता, तो डाव्या चाकावर गेला. त्याचं सगळं उत्तम चाललं आहे. त्याच्याविषयी मला जास्त काही बोलायचं नाही.

उत्तरेकडच्या या गावी आम्ही जहाजानं आलो. समुद्र वर्षातून थोडेच दिवस मोकळा होतो, तेव्हाच जहाज येतं. पीठ, पेट्रोल, खिडक्यांच्या काचा, लग्नाचा पोशाख, सगळं त्याच जहाजातून. जे त्यातून आलं नाही ते पुढच्या वर्षी. मोसेसीनं खोका फोडला, मोटारसायकलसारखी बैठक असलेली ती फुगीर चाकांची गाडी बाहेर काढली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि पहिलं काम काय केलं, तर खडीवर आडवा झाला आणि मला तपासलं. पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी अडकवून त्यानं मला ओढलं. भोक जुळलं नव्हतं. त्यानं श्वास घेतला आणि आणखी ओढलं. टक्. भोक समोर आलं, पिन आत गेली.

त्याची बायको मियालिया दारात उभी होती. ती म्हणाली, "लग्नात माझा हातसुद्धा एवढा घट्ट धरला नव्हतात."

"तू कुठे पळून जाणार होतीस," मोसेसी म्हणाला. त्या दिवसाचं त्याचं बोलणं तेवढंच.

ते माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस. मोसेसी साठी ओलांडलेला, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. उन्हाळ्यात तो आणि मियालिया मासे धरायला नदीवर जात. ती मागे बसायची, पाठीला बंदूक, मांडीवर चहाचा थर्मास आणि तळलेल्या जाड भाकरीचं गाठोडं. परत येताना तांबड्या मांसाचे मासे इतके असत की मला चिखल कुठला आणि रक्त कुठलं कळत नसे. दर वर्षी मोसेसी जुनी पिन काढून टाकी आणि नवी घाली. पिन एकदाच वापरायची असते. वाकलेली सरळ करून पुन्हा घातलेली पिन ही निलंबनानंतर कामावर घेतलेल्या माणसासारखी असते. बसते जागेवर, पण तिचा भरवसा नाही.

मग एका वसंतात मोसेसी बर्फावर पडला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. खांदा जागेवर आला, पण जोर आला नाही. पाना धरता येई, ओढता येत नसे. तेव्हापासून गाडीची दुरुस्ती किलिक्तीच्या हातात गेली.

किलिक्ती कोण, ते नीट सांगतो, कारण माझा सगळा घोळ तिथे आहे. इथे माणूस गेला की त्याचं नाव नव्यानं जन्मलेल्या मुलाला देतात, आणि नावाबरोबर नातंही देतात. मोसेसीचे वडील किलिक्ती वारले, आणि त्यानंतर त्याच्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला. मुलाचं नाव किलिक्ती ठेवलं. तेव्हा हा चोवीस वर्षांचा भाचा म्हणजे मोसेसीचे बाबा. हे थट्टेनं नाही. तो रांगत होता तेव्हापासून मोसेसी त्याला "बाबा, तुम्ही" म्हणतो, आणि बोलायला लागल्यापासून तो मोसेसीला "पोरा" म्हणतो. मियालिया तर त्याला मामंजी म्हणते. त्याचे लंगोट बदलतानाही ती मामंजीच म्हणायची, आणि मामंजी तिच्या अंगावर मुतायचे. माशाचं डोकं शिजलं की पहिला मान त्याचा. कारण म्हाताऱ्या किलिक्तीला डोकं आवडायचं.

अशा माणसाला इथे कुणी रागावत नाही. बापाला कोण रागावेल?

या किलिक्तीला यंत्रांची आवड. म्हणून दुरुस्तीचं काम शिकायला तो दक्षिणेतल्या शहरात गेला आणि अर्धवट सोडून परत आला. काय झालं ते कुणी विचारलं नाही. विचारायची इथे पद्धत नाही. तिथे त्याच्या कामाला सगळ्यांदेखत हसले, एवढंच गावात कळलं. तो आईच्या घरी भिंतीकडे तोंड करून निजला. हिवाळा संपला तरी उठला नाही. खाणं दारात ठेवायचे, ते तसंच राही.

खांदा निखळल्यावर मोसेसी त्या घरी गेला. हा प्रसंग मियालियानं मागच्या सीटवर बसून इतक्या वेळा सांगितला आहे की मी तिथे होतो असंच मला वाटतं. मोसेसी दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, माझा हात गेला. गाडीकडे आता तुम्हीच बघा."

 भिंतीकडून आवाज आला, "पाने कुठे ठेवलेस, पोरा?"

तेव्हापासून किलिक्ती रोज मोसेसीच्या शेडमध्ये येऊ लागला. शेजारीपाजारी आपापल्या गाड्या आणू लागले. तो जेवू लागला. एकदा तर हसलाही. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला असता. पण त्या पोराला एक खोड होती. त्याला सगळं जुळलेलं दिसायला हवं असे. घट्ट असण्यापेक्षा जुळलेलं.

चाकाला ग्रीस भरायला त्यानं मला काढलं, मग पुन्हा बसवलं, आवळलं. चांगलं आवळलं, खोटं कशाला बोलू. भोक दोन खाचांच्या मधोमध राहिलं. तो वाकून बघत राहिला. मग त्यानं पाना उलटा लावला आणि मला मागे फिरवलं.

टक्. भोक जुळलं. तो समाधानानं मागे सरकला. जुनी पिन घालायला गेला तर ती मोडली. नवी नव्हती. डब्यात शोधून त्यानं एक लांबशी चूक काढली, फळीला मारतात तसली, आणि ती माझ्या खाचांतून घालून वाकवली. म्हणजे मला मागे फिरवलं ही पहिली चूक, आणि भोकात बसली ती दुसरी.

मोसेसी तिथेच उभा होता, हातात चहाचा कप. त्यानं सगळं पाहिलं. कप ओठांपाशी थांबला. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "चहा गार झाला वाटतं."

इथून माझा वनवास सुरू झाला.

त्या संध्याकाळी गाडीवर बसताना मियालिया दबक्या आवाजात म्हणाली, "मामंजींनी नट मागे घेतला."

"पाहिलं."

"मग सांगा की."

"मी सांगू? बापाला?"

"चाक निघून पुढे पळालं की मग सांगणार का?"

"तू सांग. तू सून आहेस, गोड बोलतेस."

"सासऱ्याला नट शिकवायचा हे माझ्या आईनं मला शिकवलेलं नाही," मियालिया म्हणाली.

 इंजिन चालू करण्याआधी मोसेसी म्हणाला, "तो आत्ताच उठलाय, मियालिया. पुन्हा भिंतीकडे वळला तर मी कुठला हात मोडून घेऊ?"

हे ऐकून माणसाचं मन द्रवेल. मी नट आहे. मला एवढंच कळलं की एका पोराच्या मनासाठी दोन म्हाताऱ्यांचे जीव माझ्या भरवशावर टाकले आहेत, आणि मी ढिला आहे. दुसऱ्या कुणाकडून आवळून घ्यायचं तर गाव एवढंसं. सकाळी आवळलं तर दुपारी बाबांच्या कानावर गेलं असतं.

उपाय मियालियानं काढला, आणि तो उपाय मला आणखी एक खाच मागे घेऊन गेला. शेजारी निविआक नावाची चार वर्षांची मुलगी राहते. तिला म्हाताऱ्या किलिक्तीच्या आईचं नाव दिलेलं आहे. म्हणजे ती मोसेसीची आजी आणि आमच्या किलिक्तीची आई. बापाला मुलगा सांगू शकत नाही, पण बापाची आई सांगू शकते. मियालियानं तिला टॉफी दिली आणि पाठ करून घेतलं, की शेडमध्ये जायचं, या नटाकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, पुढे फिरव, मागे नको.

आजीबाई आल्या. मोठ्या कुणाचे तरी बूट घालून, एक गाल फुगलेला. किलिक्ती हातातलं काम टाकून उभा राहिला. "काय आई?" त्यानं विचारलं.

ती आधी त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नाक पूस." त्यानं बाहीनं नाक पुसलं. मग तिनं बरोबर माझ्याकडे बोट दाखवलं. मला भरून आलं. आणि ती म्हणाली, "मागे फिरव, पुढे नको."

किलिक्तीनं थोडा विचार केला. पण आईच ती. त्यानं चूक काढली, मला आणखी एक खाच मागे घेतलं आणि चूक परत घातली. आजीबाईंनी दुसरी टॉफी मागितली आणि गेल्या. खिडकीबाहेर मियालिया डोक्याला हात लावून उभी होती. डावा नट हसत असावा. त्याची ती सवय आहे.

त्यानंतर चाक डुलू लागलं. आसाचे दाते आणि त्यांत बसणारे चाकाचे दाते एकमेकांना खाऊ लागले. मी दर फेरीला थोडा सैल होई, चूक मला अडवी, तीही झिजत चालली. मी करकर सुरू केली ती तेव्हाच.

मोसेसीला ते कळत नव्हतं असं नाही. त्यानं स्वतःपुरता एक मार्ग काढला. दर चढाआधी आणि दर उताराआधी तो गाडी थांबवून म्हणे, चहा घेऊ. उतरून डाव्या हातानं चाक दाबून बघे, माझ्याकडे नजर टाकी आणि परत येई. बोलायचं काम नाही, बघायचं तेवढं बघून झालं. मियालिया ओतून देई. गाव सोडून दोन टेकड्या ओलांडेपर्यंत थर्मास रिकामा होई आणि त्यानंतर दोघंही दर दगडामागे जाऊन येत. शेजारचे लोक आपापल्या गाड्यांवरून भुर्रकन पुढे जात आणि परतीच्या वाटेवर हे दोघं त्यांना तिथेच भेटत. एकानं विचारलं, मोसेसी, गाडी चालवतोयस की चारायला नेतोयस? मोसेसी हसला. लोकांची थट्टा चालते त्याला. बाबांना बोलायचं तेवढं चालत नाही.

मला या माणसांचं हेच समजत नाही. बर्फ कुठे पातळ आहे ते दुसऱ्याला ओरडून सांगतील. नट ढिला आहे हे सांगताना घशात काटा अडकतो.

शरद आला. कॅरिबू हरणांचा कळप नदीपलीकडे उतरल्याची बातमी आली. हिवाळ्याचं मांस म्हणजे टाळता येण्यासारखी गोष्ट नाही. मोसेसीला खांद्यामुळे एकट्यानं सोलणं-कापणं जमणार नव्हतं, म्हणून किलिक्ती बरोबर आला, मागे जोडलेल्या छोट्या गाड्यात बसून. आपणच बसवलेल्या चाकाच्या मागे तो दिवसभर बसला होता आणि सगळ्या वाटेवर माझी करकर ऐकत होता. एकदा म्हणाला, "पोरा, थंडीनं रबर वाजतंय." मोसेसी म्हणाला, "असेल, बाबा."

दोन कॅरिबू मिळाले. मांस गाड्यात रचलं, त्यावर कातडी टाकली, कातड्यांवर किलिक्ती बसला. परतीच्या वाटेवर एके ठिकाणी उतार आहे. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला थेट खाली नदी, वाट गाडीच्या रुंदीपेक्षा थोडीच जास्त. नदीचं अंग उजवीकडे. म्हणजे माझ्याकडे.

उताराच्या तोंडाशी मोसेसीनं गाडी थांबवली. "चहा घेऊ," तो म्हणाला.

"चहा केव्हाच संपला," मियालिया म्हणाली.

"मग नुसतं बसू."

किलिक्ती पाय मोकळे करायला उतरला आणि चाकाजवळून गेला. जाता जाता थांबला, वाकला. माझ्यातली चूक कुठेतरी वाटेतच तुटून पडली होती. मी आसाच्या शेवटच्या दोन आट्यांवर लोंबत होतो. बोटानं फिरवलं असतं तर हातात आलो असतो.

 मोसेसी पलीकडच्या टेकडीकडे असा बघू लागला, जणू ती आजच तिथे आली आहे. मियालियानं गाठोडं सोडलं आणि परत बांधलं. किलिक्तीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

शेवटी तो म्हणाला, "चूक पडली."

"पडते," मोसेसी म्हणाला.

"मी आधीपासूनच ढिलं बसवलं होतं. तुला माहीत होतं, पोरा. म्हणून तू दर उताराला थांबतोस." तो आमच्याकडे पाठ करून एका दगडावर बसला, गुडघे पोटाशी घेऊन. "दुसऱ्या कुणाकडून करून घे. मला येत नाही. तिथे सगळे बरोबर म्हणत होते."

ही पाठ मियालियानं ओळखली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात साऱ्या उन्हाळ्याचं बोलणं होतं.

मोसेसी उतरला. जाऊन त्याच दगडावर त्याच्या शेजारी बसला, तोंड त्याच दिशेला. मला वाटलं, आता हाही टेकडी बघत बसतो. पण तो हळूहळू बोलू लागला.

"बाबा, तुम्ही कुत्र्यांची स्लेज बांधायचात ते आठवतं का? आडव्या फळ्या खिळ्यांनी ठोकायच्या नाहीत, दोरीनं बांधायच्या. खिळा तुटतो, दोरी वाकते. मी लहान होतो, दोरी ओढताना माझे हात दुखायचे. एकदा दोरीचं टोक भोकापर्यंत पोचत नव्हतं. मी काय केलं, आधीचा फेरा सैल करून टोक पोचवलं. दिसायला झकास दिसत होतं."

 किलिक्तीची पाठ जरा सरळ झाली.

"तुम्ही आलात. बघितलंत. म्हणालात, पोरा, पोचत नाही म्हणून मागे यायचं नसतं. आणखी ओढ, टोक आपोआप येईल. ज्यानं मागे घेऊन जुळवलं, त्यानं दुसऱ्याला बर्फात पायी घरी पाठवलं."

"असं म्हणालो होतो मी?" किलिक्तीनं विचारलं.

"हो. आणि मग कानाखाली वाजवली होतीत."

"जोरात?"

"कान अजून थंडीत दुखतो."

किलिक्तीनं बुटांकडे पाहिलं. मग उठला. गाड्यातून पाना काढला, नळी काढली, चाकाखाली दगड लावला आणि माझ्यासमोर आडवा झाला. मला हातानं आत फिरवलं, मग पान्यानं आवळलं. कानशिलावरची शीर फुगेपर्यंत आवळलं. आणि नेहमीप्रमाणे भोक दोन खाचांच्या मधोमध.

पाना थांबला. त्याचा हात कुठल्या दिशेला जाईल ते मला ठाऊक नव्हतं. मला तेव्हा काय वाटलं ते या अर्जात मांडता येणार नाही, नमुन्यात तशी जागा नाही.

"पण आई म्हणाली होती, मागे फिरव," तो म्हणाला.

"आजीच्या तोंडात तेव्हा टॉफी होती," मोसेसी म्हणाला.

किलिक्ती हसला. पडल्या पडल्या, पोट हलेपर्यंत हसला. मग दोन्ही पाय चाकाला टेकवले आणि पाना पुढे ओढला. सगळं अंग घालून ओढला. आट्यांतून जाताना मी ओरडलो, पण हे ओरडणं निराळं होतं. टक्. भोक समोर आलं.

आता पिन नव्हती. चूकही नव्हती. मियालियानं कोटाच्या आतून शिवणाची पिशवी काढली. तीत कॅरिबूच्या पाठीच्या स्नायूतल्या तंतूंचा वाळवलेला दोरा होता, ज्यानं ती बूट शिवते. तिनं तीन पदर एकत्र वळले, तोंडात धरून ओले केले, माझ्या खाचांतून आणि आसाच्या भोकातून ओवले आणि गाठ मारून दातांनी ओढली. म्हणाली, "ओला बांधला की सुकताना आवळतो. मामंजी, बोट धरा इथे." मामंजींनी बोट धरलं.

उतार आम्ही उतरलो. मी जागचा हललो नाही. उजवीकडे नदी होती, ती तिच्या वाटेनं गेली.

खाली सपाटीला आल्यावर मियालिया नवऱ्याच्या कानाशी वाकली. मागे किलिक्ती कातड्यांवर आडवा पडून आकाशाकडे बघत होता, त्याला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, "मी मामंजींच्या घरात नांदले आहे. त्यांनी कधी कुणावर हात उचललेला मी पाहिला नाही. गाठी मारताना तर तोंडातून शब्द काढत नसत. असं ते कधी म्हणाले होते?"

"नव्हते म्हणाले."

"मग?"

"आज म्हणाले," मोसेसी म्हणाला आणि वेग वाढवला.

या साऱ्यात नटाचं नाव कुणी घेतलं नाही, हे नोंदवून ठेवतो. गावात गोष्ट झाली ती बाबांची, स्लेजची आणि टॉफीची. किलिक्ती आता शेडमध्ये कुणाचंही चाक बसवताना मोठ्यांदा म्हणतो, "मी पूर्वीच सांगून ठेवलंय, मागे यायचं नाही." माझ्या कुळाचा नियम त्याच्या नावावर लागला. सरकारदरबारी असं होतं म्हणतात.

सध्या बर्फ पडलेलं आहे. गाडी ताडपत्रीखाली आहे, तिचं काम आता पुढच्या उन्हाळ्यात. मी घट्ट आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मला धरून ठेवणारी वस्तू खाण्याजोगी आहे. शेजारचा एक कुत्रा रोज ताडपत्रीखाली नाक घालून माझा वास घेतो. काल त्यानं मला चाटलं. मियालिया त्याला हाकलते, पण तिला इतरही कामं आहेत.

किलिक्तीनं दुकानात जाऊन पिन सांगितली. दुकानदार म्हणाला, मागच्या जहाजातून आल्या आहेत. डबा उघडला तर त्या बोटीच्या होत्या, माझ्या भोकापेक्षा जाड. किलिक्तीनं त्या परत केल्या आणि भोकाचं माप सांगितलं. दुकानदारानं ते ऐकून घेतलं.

तरी अर्जाची आजची स्थिती अशी : पूर्ण आवळून मिळणे ही मागणी मान्य झाली असून तिची अंमलबजावणी झाली आहे. कॉटर पिन मागवली आहे, असं दुकानातून कळतं. जहाज समुद्र मोकळा झाल्यावर येईल. तोवर अर्ज प्रलंबित आहे.